शहात्तर वर्षांच्या आऊसाहेब

मोबाईलवर 'जिजाऊ' असं टाइप करा आणि चित्रं बघा. डोक्यावर पदर घेतलेली, ताठ बसलेली एक तरुण आई, तिच्यासमोर सात-आठ वर्षांचा शिवबा. कधी त्याच्या हातात लाकडी तलवार असते, कधी आईच्या हातात पोथी. स्क्रोल करत राहिलात तरी चित्र फारसं बदलत नाही. चौकातले पुतळे, शाळांच्या भिंती, बारा जानेवारीची स्टेटस, सगळीकडे आई याच वयाची.

आता साधं गणित करू. जिजाऊंचा जन्म १२ जानेवारी १५९८चा धरतात आणि शिवाजी महाराजांचा १९ फेब्रुवारी १६३०चा. म्हणजे चित्रातला शिवबा आठ वर्षांचा असेल, तर चित्रातल्या आईने चाळिशी गाठलेली आहे. त्यानंतरही त्या छत्तीस वर्षं जगल्या. १७ जून १६७४ रोजी रायगडाच्या पायथ्याला, पाचाडमध्ये, त्या गेल्या तेव्हा शहात्तर वर्षांच्या होत्या. थोरला नातू सतरा वर्षांचा झाला होता आणि मुलाला राज्याभिषेक होऊन अकरा दिवस झाले होते.

ही मधली छत्तीस वर्षं आपल्या आठवणीतून कुठे गेली, हा प्रश्न मला पडायचं कारण म्हणजे मी उमरठचा. आमच्या गावाच्या गोष्टीत आऊसाहेब येतात त्या म्हाताऱ्या म्हणूनच येतात. तरुण आई आमच्या गोष्टीत नाहीच.

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे निघालं आणि वाटेत आत वळलं की उमरठ लागतं. पुढे ढवळे, चंद्रगड आणि त्याच्याही मागे सह्याद्रीची भिंत. गावात तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे, शेलारमामांचीही आहे. माघ वद्य नवमीला पुण्यतिथी होते, तेव्हा गाव माणसांनी भरून जातं. माझं आडनाव मालुसरे नाही, हे आधीच सांगून टाकतो. ऑफिसात गावाचं नाव सांगितलं की पहिला प्रश्न तोच येतो. दुसरा घोरपडीचा. घोरपडीवर वेगळा लेख होईल, इथे ती राहू दे.

तानाजींची जी गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, ती मुख्यतः तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून आलेली आहे. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली जुने पोवाडे गोळा करून छापले, त्यात तो आहे. पोवाड्यात आऊसाहेब प्रतापगडावर आहेत. सकाळी त्यांची नजर कोंडाण्यावर पडते. त्या महाराजांना बोलावणं धाडतात, सारीपाट मांडायला लावतात, डाव जिंकतात आणि पणात कोंडाणा मागतात. महाराजांना कळतं की हे काम तानाजीचंच. इकडे उमरठात रायबाच्या लग्नाची घाई चाललेली. तानाजी लग्न बाजूला ठेवतो आणि माणसं घेऊन निघतो. आऊसाहेब त्याला ओवाळतात, शिवबाचा धाकटा भाऊ मानतात. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

इतिहासकार याला जसंच्या तसं घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. १६७०च्या सुरुवातीला महाराजांचं बिऱ्हाड राजगडावर होतं. राजगडावरून कोंडाणा समोर दिसतो, त्यामुळे रोज सकाळी परक्याच्या हाती गेलेला गड बघणारी म्हातारी बाई कल्पायचीच तर ती राजगडावर कल्पावी लागेल. सारीपाट शाहिराचा. 'सिंहगड' हे नाव तर तानाजींच्या आधीच्या पत्रांतही सापडतं. या दुरुस्त्या सगळ्या मान्य. पण शाहिराने गड मागायचं काम महाराजांकडे किंवा एखाद्या मुत्सद्द्याकडे दिलं नाही, आऊसाहेबांकडे दिलं, ही गोष्ट त्यानंतरही शिल्लक राहते. ऐकणाऱ्यांना ते खरं वाटलं, म्हणून पोवाडा टिकला.

लहानपणी मला मात्र या गोष्टीचा राग यायचा. घरात लग्न निघालंय, आणि गडावर बसलेल्या एका म्हातारीला किल्ला हवा म्हणून घरातला कर्ता माणूस जातो आणि परत येतो तो मढं होऊन. आमच्याकडे मढे घाट म्हणतात तो मावळातून महाडकडे उतरणारा रस्ता. तानाजींचा देह त्याच वाटेने खाली आणला म्हणून घाटाला ते नाव पडलं, असं सांगतात. मी पणजीला विचारलं होतं, आऊसाहेबांनी मागितलंच कशाला? ती नाचणी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "तिचं स्वतःचं किती गेलं होतं ते मोज आधी."

पणजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिने कीर्तनात ऐकलेलं असणार. नोकरीला लागल्यावर, एका रिकाम्या शनिवारी, मी खरंच मोजायला बसलो. एक्सेलमध्ये तीन रकाने केले: साल, आऊसाहेबांचं वय, कोण गेलं.

पहिल्याच ओळीला सालाची पंचाईत झाली, कारण खंडागळ्यांच्या हत्तीचा प्रसंग नेमका कधीचा यावर एकमत नाही. निजामशाही दरबाराबाहेर खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती उधळला. त्याला आवरण्यावरून जाधव आणि भोसले एकमेकांना भिडले. त्यात आऊसाहेबांचा भाऊ दत्ताजी भोसल्यांच्या संभाजीच्या हातून मारला गेला, आणि त्या संभाजीला आऊसाहेबांच्या वडिलांनी, लखुजी जाधवांनी मारलं. शहाजीराजे जखमी झाले. तेव्हा आऊसाहेब भोसल्यांच्या सून होत्या. माहेरच्यांनी सासरचा मारला, सासरच्यांनी माहेरचा. त्या दिवशी त्या घरात चूल कशी पेटली असेल, याचा विचार आपल्या एकाही पुतळ्यात नाही.

दुसरी ओळ पक्की आहे. २५ जुलै १६२९, वय एकतीस. देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहाने लखुजी जाधवांना दरबारी बोलावलं आणि तिथेच कापून काढलं. सोबत त्यांची दोन मुलं आणि एक नातू. म्हणजे वडील, दोन भाऊ आणि भाचा, एका दिवसात. आता तारखा शेजारी ठेवा. शिवाजी महाराजांचा जन्म पुढच्या फेब्रुवारीतला, जेमतेम सात महिन्यांनंतरचा. ही बातमी आली तेव्हा आऊसाहेबांना दिवस गेलेले होते.

मग शिवनेरी. मग १६३० ते १६३२चा तो भयंकर दुष्काळ, ज्यात दख्खन आणि गुजरात ओस पडले. त्याच सुमाराला आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणं जाळलं आणि तिथे गाढवांचा नांगर फिरवला. पुणं म्हणजे शहाजीराजांची जहागीर. काही वर्षांनी आऊसाहेब मुलाला घेऊन राहायला आल्या त्या याच जळक्या गावात.

थोरला मुलगा संभाजी वडिलांजवळ कर्नाटकात असायचा. १६५४च्या सुमाराला कनकगिरीच्या वेढ्यात तो गेला. आऊसाहेबांचं वय छप्पन्नच्या आसपास. अफझलखानाने वेळेवर कुमक दिली नाही म्हणून तो मारला गेला, असं परंपरा सांगते. ५ सप्टेंबर १६५९, वय एकसष्ट: राजगडावर सून सईबाई गेल्या. मागे दोन वर्षांचा संभाजी. आणि दोनच महिन्यांनी, १० नोव्हेंबरला, त्याच अफझलखानाला भेटायला दुसरा मुलगा प्रतापगडाच्या पायथ्याला उतरला. एका मुलाच्या मरणाचा ठपका ज्याच्यावर, त्याच्यासमोर दुसरा मुलगा उभा करायचा, आणि मांडीवर आई नसलेला नातू.

२३ जानेवारी १६६४, वय सहासष्ट. कर्नाटकात होदिगेरेजवळ शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे गेले. आऊसाहेब सती जायला निघाल्या होत्या आणि महाराजांनी त्यांना मोठ्या मिनतवारीने थांबवलं, असं बखरीत आहे. नवऱ्याबरोबर सलग संसार त्यांच्या वाट्याला फार थोडा आला होता. तो बंगळूरला, दुसऱ्या बायकोबरोबर. या पुण्यात, राजगडावर. तरीही त्या निघाल्या होत्या, आणि थांबल्या. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला हा सगळ्यांत मोठा निर्णय आहे, कारण पुढची दहा वर्षं त्याच्यामुळे घडली.

एवढं भरून झाल्यावर मला चौथा रकाना करावा लागला: काय केलं. कारण नुसत्या मरणांची यादी वाचली की डोळ्यासमोर कोपऱ्यात बसून पदराने डोळे पुसणारी बाई येते. तसं काही झालेलं दिसत नाही.

पुण्यात सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवून जमीन पुन्हा लागवडीला आणली, लाल महाल उभा राहिला, कसब्याच्या गणपतीचं देऊळ झालं, हे शाळेत शिकवतात. शिकवत नाहीत ते पुढचं. गाव पुन्हा वसवायचं म्हणजे पळालेल्या कुळांना परत बोलवायचं, कोणत्या शेताचा कोण धनी हे ठरवायचं, पाटील-कुलकर्ण्यांचे तंटे ऐकायचे. वतन-इनामांच्या अशा वादांत जिजाबाईंच्या नावाने गेलेली पत्रं छापील साधनांत आजही वाचता येतात. रूक्ष आहेत. अमक्याची जमीन अमक्याकडे चालवावी, तमक्याने त्याला उपद्रव देऊ नये. मला ती फार आवडतात, कारण पोथी वाचणाऱ्या आईपेक्षा त्या पत्रांतली बाई मला ओळखीची वाटते.

१६६० मध्ये महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले, तेव्हा आऊसाहेब मुलाला सोडवायला स्वतः निघायची तयारी करत होत्या, असं परमानंदाच्या 'शिवभारता'त आहे. वय बासष्ट. ६ जानेवारी १६६५ला सूर्यग्रहण होतं. त्या दिवशी महाबळेश्वरला महाराजांनी आईची सुवर्णतुला केली, सोबत म्हाताऱ्या सोनोपंत डबीरांचीही. आऊसाहेब सहा दिवसांनी सदुसष्टच्या होणार होत्या. आमच्या गावामागची भिंत चढून गेलं की महाबळेश्वर. या प्रसंगाची मला गंमत वाटते, कारण पाचच महिन्यांनी पुरंदरचा तह झाला आणि तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. त्यात कोंडाणाही गेला.

आणि ५ मार्च १६६६. महाराज राजगडावरून आग्र्याला निघाले. सोबत संभाजीराजे, अजून नऊ पूर्ण व्हायचे होते. मागे राहिलेलं राज्य महाराजांनी आईच्या स्वाधीन केलं, हाताखाली मोरोपंत आणि अण्णाजी दत्तो. परत येण्याची खात्री नव्हती. अडुसष्ट वर्षांची बाई, एकुलता उरलेला मुलगा आणि थोरला नातू औरंगजेबाच्या कैदेत, आणि खाली किल्लेदार, वसूल, सैन्याचा पगार, मोगलांच्या छावण्या. इतके महिने राज्य फुटलं नाही. आग्र्याच्या सुटकेवर आपल्याकडे पेटारे आले, नाटकं आली, सिनेमे आले. त्याच महिन्यांत राजगडावर काय चाललं होतं, यावर मला एकही धड गोष्ट ऐकल्याचं आठवत नाही.

महाड-पोलादपूरच्या माणसाला मात्र ते चित्र समजावून सांगावं लागत नाही. आमच्या भागात शंभरेक वर्षं घरं चालली ती अशीच. कर्ता पुरुष मुंबईला, परळ-लालबागच्या खोलीत दहा-पंधरा जणांत, गिरणीत कामाला. गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा. मनीऑर्डर कधी यायची, कधी नाही. गावात घर, गुरं, भाताची खाचरं, डोंगरउतारावरची नाचणी-वरी, दीर-जावा, लग्नं, बाळंतपणं, भांडणं हे सगळं एका म्हाताऱ्या बाईच्या हातात असायचं. पणजीच्या कनवटीला किल्ली होती. कणगीतलं भात किती उरलंय आणि नवं येईपर्यंत किती तोंडं आहेत, हा हिशोब ती मनात करायची. पावसाळ्यात कोणाला भाकरी पुरी आणि कोणाला अर्धी हे तीच ठरवायची. कोणाला मुंबईला पाठवायचं, हेही तीच. तिने पाठवलेल्यांपैकी दोघे परत आलेच नाहीत. १९८२च्या संपात गिरण्या बुडाल्या आणि उरलेले परत आले, तेव्हा त्यांना खायला घालायचा हिशोबही तिच्याकडेच आला. नव्वदी ओलांडून ती गेली. तिच्याबद्दल घरात कोणी 'प्रेमळ' असा शब्द वापरत नाही. पण तिच्यानंतर दोन वर्षांत घराच्या वाटण्या झाल्या.

त्यामुळे आता पोवाडा ऐकताना मला राग येत नाही. बहात्तर वर्षांची बाई कोंडाणा मागते, तेव्हा ती काय मागते आहे हे तिच्याइतकं त्या गडावर दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. कागदोपत्री बघायचं तर कारण राजकीय होतं: पुरंदरचा तह मोडायचा ठरला होता, गेलेले किल्ले परत घ्यायचे होते, आणि पुण्यावर नजर ठेवणारा कोंडाणा पहिल्यांदा घेणं शहाणपणाचं होतं. पण एवढं सांगून शाहिराचं काम भागत नाही. माणसं मरणार आहेत हे माहीत असूनही 'घ्या' म्हणणारं कोणीतरी लागतं, आणि तो शब्द कोणाच्या तोंडी ऐकणाऱ्यांना सोसेल, हे शाहिराने बरोबर ओळखलं. ज्याने काहीच गमावलेलं नाही त्याने मागितलं असतं, तर उमरठाने ते ऐकून घेतलं नसतं.

एक तपशील पोवाड्यात नाही, तो माझ्या एक्सेलमध्ये आपोआप दिसला. कोंडाणा घेतला ४ फेब्रुवारी १६७०ला. २४ फेब्रुवारीला राजगडावर राजाराम महाराजांचा जन्म झाला. म्हणजे उमरठात लग्नघर होतं त्याच दिवसांत राजगडावर सोयराबाई दिवस भरत आलेल्या होत्या. तानाजी गेल्याची बातमी आली ती बाळंतिणीच्या खोलीची तयारी चाललेल्या घरात. आऊसाहेबांनी हे आधीही पाहिलेलं होतं, एकेचाळीस वर्षांपूर्वी, स्वतः पोटुशी असताना. रायबाचं लग्न नंतर महाराजांनी लावून दिलं, असं आमच्याकडे सांगतात.

राजधानी रायगडावर आली तेव्हा आऊसाहेबांसाठी खाली पाचाडला वाडा बांधला. वरचा वारा आणि थंडी त्या वयात त्यांना सोसेना, असं म्हणतात. आमच्या गावाहून पोलादपूर, महाड करत दुचाकीवर दोनेक तासांत पाचाड येतं. बहुतेक गाड्या थेट रोपवेकडे जातात. वाड्याचा तट, आतली जोती, पाठ टेकायला दगडी तक्क्या असलेली विहीर हे सगळं रस्त्यापासून फार लांब नाही. समाधीही तिथेच. राज्याभिषेकाला आलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन मे १६७४ मध्ये आधी पाचाडलाच उतरला होता, कारण महाराज प्रतापगडाच्या भवानीला गेले होते.

६ जूनला राज्याभिषेक झाला, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. ज्येष्ठ वद्य नवमीला आऊसाहेब गेल्या. आमच्याकडे ज्येष्ठ वद्यात पावसाने जोर धरलेला असतो आणि शेतात उगवलेलं रोप लावणीची वाट बघत असतं.

त्यानंतरचं मी थोडक्यात सांगतो, कारण ते वाचायला बरं वाटत नाही. संभाजीराजांना सईबाईंनंतर वाढवलं होतं ते आजीने. आजी गेल्यावर साडेचार वर्षांनी, डिसेंबर १६७८ मध्ये, ते घर सोडून मोगलांच्या दिलेरखानाकडे गेले. वर्षभराने परत आले. ३ एप्रिल १६८०ला महाराज गेले आणि गादी कोणाची यावरून सोयराबाई, अण्णाजी दत्तो आणि संभाजीराजे यांच्यात जे झालं ते माणसांच्या जिवावर गेलं. आऊसाहेब असत्या तर हे टळलं असतं का, असं विचारायची इतिहासात पद्धत नाही. मी फक्त वाटण्यांचं साल बघतो.

माझ्या शीटमध्ये अजून एक रकाना रिकामा आहे. प्रत्येक सालासमोर आऊसाहेबांचं त्या वयातलं एकतरी चित्र लावायचं ठरवलं होतं. चाळिशीपर्यंतची मिळाली, हवी तेवढी. अडुसष्टच्या ओळीसमोर, जिथे आग्रा आहे, तिथे अजून काही सापडलेलं नाही. कोणी काढलं असेल तर पाठवा. पांढरे केस, समोर हिशोबाचे कागद, आणि शेजारी मूल नको.